शार्क ‘हमखास’ दिसणाऱ्या जागा: मालदीवची तीन बेटं, दहा महिन्यांनंतर

मी मालवणी घरातली. आमच्याकडे शार्क म्हणजे मोरी, आणि मोरीची जागा ताटात. फेब्रुवारीत पहिल्यांदा मालदीवला निघाले तेव्हा आई एवढंच म्हणाली, “मोरी बघूक एवढे पैसे? चल माझ्यावांगडा बाजारात, फुकट दाखवतंय.”

त्याला आता दहा महिने झाले. दोन फेऱ्या, तीन बेटं (फुलिधू, फुवाहमुला आणि धिगुरा), एकवीस डाइव्ह आणि स्नॉर्केलिंगच्या तीन बोटी. परत आल्याआल्या हे लिहिलं असतं तर फुवाहमुलाला डोळे झाकून पहिला नंबर दिला असता. बरं झालं थांबले.

आधी माझ्याबद्दल, म्हणजे तुम्हाला स्वतःशी ताडून बघता येईल. वय त्रेचाळीस. पोहायला शिकले छत्तिसाव्या वर्षी, ठाण्याच्या तरणतलावात, लहान मुलांच्या बॅचमध्ये. ओपन वॉटर, म्हणजे स्कूबाचा पहिला कोर्स, अंदमानच्या हॅवलॉकला केला आणि पहिला शार्क तिथेच जॉनीज गॉर्ज नावाच्या डाइव्हच्या जागी पाहिला: व्हाइटटिप, म्हणजे पराची टोकं पांढरी असलेला, वाळूवर पडलेला, आमच्याकडे ढुंकूनही न बघणारा. मालवणला बोटीवरून उतरवून हात धरून दहा मिनिटं फिरवतात तेवढाच अनुभव असेल, तर खालचं वाचून लगेच बुकिंग करू नका. आधी कोर्स करा.

जागा निवडताना महिनाभर नुसतं वाचत होते. ग्रेट व्हाइट शार्कसाठी दक्षिण आफ्रिकेचं गान्सबाय डोक्यात होतं, पण तिथे 2017पासून ओर्का (किलर व्हेल) यायला लागले, शार्कची यकृतं खायला लागले आणि ग्रेट व्हाइटनी तिथून काढता पाय घेतला. मेक्सिकोचं ग्वादालूप बेट 2023च्या सुरुवातीला शार्क पर्यटनाला बंदच झालं. फिलिपिन्सच्या ओस्लोबला व्हेल शार्क रोज सकाळी ठरल्या वेळी येतो, कारण बोटीतून त्याला कोळंबीसारखं खाद्य टाकतात. हे वाचलं आणि तेव्हापासून ‘हमखास’ शब्द दिसला की माझ्या कपाळावर आठी येते. मालदीव उरलं ते तीन कारणांनी: आपल्याला तिथे पोचल्यावर व्हिसा फुकट मिळतो, अंतर कमी आहे, आणि 2010मध्ये तिथे शार्कच्या मासेमारीवर बंदी घातली गेली.

फुलिधूबद्दल फार लिहीत नाही. मालेहून स्पीडबोट, छोटं बेट, काठावर गुडघाभर पाण्यात नर्स शार्क आणि पाकट पायात येतात. पाण्याला घाबरणारा नवरा असेल तर त्याला इथे न्या. जवळच अलिमथाला रात्रीची डाइव्ह असते. वर्षानुवर्षं खायला घातल्यामुळे तिथे नर्स शार्कची ही गर्दी. चावत नाहीत, पण दादर स्टेशनच्या पुलावर चालल्यासारखे अंगावरून जातात. एकाने माझा टॉर्च वाजवला, आणि शेजारच्या डायव्हरच्या फिनने माझा मास्क निम्मा निघाला. शार्कपेक्षा माणसांनीच जास्त मारलं. एकदा बघायची गोष्ट, दुसऱ्यांदा मी पैसे देणार नाही.

फुवाहमुला मात्र वेगळंच प्रकरण. विषुववृत्ताच्या जरासं दक्षिणेला, एकच बेट म्हणजे एक अख्खा अटॉल (एरवी अटॉल म्हणजे प्रवाळ बेटांचं कडं), चारी बाजूंनी खोल समुद्र. मालेहून देशांतर्गत विमान घ्यावं लागतं. तिथले कोळी वर्षानुवर्षं ट्यूनाची डोकी आणि आतडी बंदराच्या तोंडाशी टाकत आले, त्यामुळे टायगर शार्क तिथे यायला लागले. आजवर दोनशेहून जास्त वेगवेगळे टायगर शार्क तिथे ओळखले गेलेत, बहुतेक माद्या. बंदरातून निघालेली बोट पाच मिनिटांत थांबते, मळमळायलाही वेळ मिळत नाही.

खाली साधारण आठ मीटरवर प्रवाळाच्या तुकड्यांवर गुडघे टेकून एका रांगेत बसायचं. गाइड पुढे, हातात काठी. ट्यूनाची डोकी दगडाखाली दाबून ठेवलेली. सूचना वर बोटीवरच दिल्या होत्या: काळे हातमोजे घाला, कारण पांढरे तळवे माशासारखे चमकतात. हात पसरू नका. शार्कच्या डोळ्याला डोळा लावून ठेवा, तो वळला की तुम्हीही वळा. पाठ द्यायची नाही.

पहिली मादी डावीकडून आली. मला वाटलं होतं धडधड होईल, पण मी बघत बसले तिच्या पोटाखाली चिकटलेल्या माशांकडे. ती हलेल तसे तेही कलायचे. पाठीवरचे पट्टे फिकट, मोठ्या शार्कचे तसे होतात. तिने नाकाने दगड उलटला, वाळूचा धूर उठला, डोकं गेलं. मग ती थेट रांगेकडे वळली, आणि गाइडने तिच्या नाकावर हाताचा पंजा ठेवून तिला बाजूला केलं, अगदी दारात आलेल्या म्हशीला करतात तसं. माझ्यापासून दीड हातावरून तिचा डोळा गेला. मोठा, काळा, आणि त्यात राग वगैरे काही नव्हता.

मी शांत होते अशी माझी समजूत. सिलिंडरमधली हवा दाखवणाऱ्या गेजचं म्हणणं वेगळं होतं: 200 बारचा सिलिंडर पस्तीस मिनिटांत 50वर. एरवी त्या खोलीवर मी तासभर आरामात राहते.

सहा दिवसांत दहा डाइव्ह केल्या, त्यातल्या सहा टायगरच्या. सहाही वेळा दिसले, एकदा एकाच वेळी सात. आणि चौथ्या डाइव्हपासून मला थोडं कंटाळल्यासारखं झालं. हे लिहायला लाज वाटते, पण रिव्ह्यू आहे तर खरं लिहायला हवं. रोज तीच जागा, तीच डोकी, तीच रांग. पाचव्या दिवशी बेटाच्या दुसऱ्या टोकाला पहाटे थ्रेशर शार्क शोधायला गेलो. पंचवीस मीटरवर, निळ्या पाण्यात, लांब शेपटीची एक सावली चार सेकंद. ती चार सेकंदं अजून आठवतात.

ज्या केंद्राबरोबर गेले त्यांचं नाव घेत नाही. गाइड उत्तम होते, पण एका सकाळी एका गाइडमागे नऊ जण दिले आणि त्यातला एक माणूस सेल्फी स्टिक हात लांब करून फिरवत होता. वर आल्यावर मी तक्रार केली, ऐकून घेतली, दुसऱ्या दिवशी रांग लहान केली. बुकिंगच्या आधी लेखी विचारा: एका गाइडमागे किती जण, आणि किमान किती डाइव्हचा अनुभव लागतो. दुसऱ्या प्रश्नाला “चालेल हो, या” असं उत्तर आलं तर दुसरं केंद्र बघा. मला एकूण 1 लाख 75 हजार लागले. परतीच्या विमानाआधी शेवटच्या डाइव्हनंतर किमान अठरा तास मोकळे ठेवा; देशांतर्गत विमानालाही हेच लागू, आणि नेमकं इथेच लोक गणित चुकवतात.

आता धिगुरा. दक्षिण आरी अटॉलच्या बाहेरच्या कडेचा 42 चौरस किलोमीटरचा पट्टा 2009पासून संरक्षित आहे. व्हेल शार्क तिथे बारा महिने असतात, बहुतेक वयात न आलेले नर. खायला कोणी घालत नाही. बोटीच्या टपावर एक पोरगा उभा राहून पाण्यात काळी सावली शोधतो, बस्स. मी तीन दिवस गेले. दोन दिवस काही नाही, आठ-आठ तास ऊन आणि डिझेलचा वास. तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास टपावरून आरोळी आली. मी उडी मारली तेव्हा आसपास आठ बोटी होत्या आणि मला दिसले ते फक्त लोकांचे पाय. अंगापासून तीन मीटर आणि शेपटीपासून चार मीटर लांब राहायचा नियम आहे. कोण पाळतंय!

मी बोटीवर परत चढायच्या बेतात होते, पण आमचा गाइड म्हणाला थांब, हे लोक दमतील. दमले. शार्क घाईत नव्हता, फक्त आपण त्याच्या वेगाला पुरत नाही. मग दोनेक मिनिटं मी, गाइड आणि ते सहा मीटरचं जनावर. पाठीवर रांगोळीचे ठिपके घालून ठेवल्यासारखं. पाठीवरच्या पराचं टोक कापलेलं होतं, सरळ रेषेत. बोटीच्या पंख्याची जखम. मी डाव्या बाजूचा, कल्ल्यांच्या मागचा फोटो काढला, कारण तिथल्या ठिपक्यांवरून संशोधक एकेक शार्क ओळखतात.

घरी व्हिडिओ दाखवला तर आई म्हणाली, “ह्याका टोप खंयचो आणूचो?” यालाच आपल्या किनाऱ्यावर जाळ्यातून कापून सोडतात आणि जाळ्याची भरपाई आपल्याच राज्याच्या वनविभागातल्या कांदळवन कक्षाकडून मिळते, हे सांगितल्यावर मात्र ती गंभीर झाली.

किरकोळ गोष्टी. प्रवासाच्या आधी 96 तासांत इमुगाचा, म्हणजे मालदीवच्या इमिग्रेशनचा, ऑनलाइन फॉर्म भरा, विमानतळावर विचारतात. स्थानिक बेटांवर दारू नाही आणि पोहायच्या कपड्यांसाठी वेगळा किनारा ठरलेला असतो. न्याहारीला मासहुनी मागा: ट्यूना, ओलं खोबरं, कांदा, मिरची, लिंबू, सोबत चपातीसारखी रोशी. शाकाहारींनी ठेपले न्यावेत. नवीन मास्क घेतलात तर आतून टूथपेस्टने घासा, नाहीतर माझ्यासारखा पहिला दिवस धुक्यात जाईल.

तर नंबर. थरार हवा आणि अनुभव असेल तर फुवाहमुला, तीन रात्री पुरेत. मी मात्र येत्या फेब्रुवारीत पुन्हा धिगुराला जाणार आहे, सात रात्री, आणि जास्तीत जास्त आठ माणसं नेणाऱ्या बोटीवर. तो डाव्या बाजूचा फोटो मी संशोधकांना पाठवला होता. ऑगस्टमध्ये उत्तर आलं: हा शार्क त्यांच्या नोंदीत आधीपासून आहे. सोबत त्याचा जुना फोटो होता. त्यात पर अख्खा होता.