हिरव्या चाफ्याच्या नावाखाली रामफळ

जून २०२१ मध्ये, पहिला पाऊस पडून गेल्यावर, ठाण्यात नौपाड्यातील आमच्या गल्लीत रोपांनी भरलेला टेम्पो आला. आमचे घर तळमजल्यावर आहे आणि मागच्या बाजूला भिंतीलगत हातभर रुंदीची मोकळी माती आहे. तेथे हिरवा चाफा लावावा, अशी आईची फार दिवसांची इच्छा होती. टेम्पोतील एका काळ्या पिशवीत चकचकीत, लांबट पानांचे दीड हात उंचीचे रोप होते आणि पानाच्या बेचक्यात पिवळे पडत आलेले एक फूल होते. त्याचा पिकलेल्या फळासारखा वास आल्याबरोबर आईने रोप उतरवून घेतले. "काका, गुटी कलम आहे, वर्षभरात मांडव भरेल," असे विक्रेत्याने सांगितले. गुटी कलम म्हणजे मोठ्या झाडाच्या फांदीलाच मुळे फोडून केलेले रोप. मी सातशे रुपये दिले. पावती मागितली नाही.

दुसऱ्या दिवशी फूल गळून पडले होते आणि त्याच्याशेजारी बोटभर लांबीचा हिरवा शिवणाचा दोरा मातीत दिसला. तो मी कचऱ्यात टाकला. आज त्याच दोऱ्याची सर्वांत जास्त चुटपुट लागते.

हिरवा चाफा म्हणजे वेलीसारखे वर चढणारे सदाहरित झुडूप, म्हणून मी लोखंडी जाळीचा मांडव करून घेतला आणि त्यावर चार हजार खर्च केले. रोप मात्र काठीसारखे सरळ वाढत राहिले. ते जाळीकडे वळावे म्हणून मी त्याला सुतळीने बांधत असे आणि सुतळी सुटली की ते पुन्हा ताठ उभे राहत असे. एप्रिलमध्ये त्याची जवळजवळ सारी पाने पिवळी पडून झडली, तेव्हा रोप मरते आहे असे वाटून मी अळे मोठे करून रोज दोन वेळा पाणी घातले. बारमाही हिरव्या राहणाऱ्या झाडाने उन्हाळ्यात उघडे व्हावे, ही गोष्ट तेव्हाच खटकायला हवी होती.

मे २०२४ मध्ये प्रथमच फुले आली. आई चष्मा लावून जवळ गेली आणि थोड्या वेळाने म्हणाली, "याला तीनच पाकळ्या आहेत रे." खाली लोंबणारी, जाड, फिकट हिरवट पाकळ्यांची ती फुले उलगडून पाहिली, तर आत तळाशी जांभळट डाग होता. येऊरच्या पायथ्याशी राहणाऱ्या, झाडांची जाण असलेल्या एका परिचितांनी पान चुरगळून वास घेतला आणि हे रामफळ आहे असे लगेच सांगितले. दोन्ही झाडे सीताफळाच्याच कुळातील असल्यामुळे लहान रोपाची पाने नवख्याला सारखी वाटतात. विक्रेत्याने बियांपासून वाढवलेले, जवळजवळ फुकटचे रोप घेऊन त्याला खऱ्या चाफ्याचे फूल दोऱ्याने बांधले होते.

त्या परिचितांनी दाखवलेली खूण येथे मुद्दाम लिहितो. हिरव्या चाफ्याच्या फांदीवर पानाच्या समोरच्या बाजूला वाकडा, टणक आकडा असतो. झाड त्याच आकड्याने आधार पकडून वर चढते आणि सहा पाकळ्यांचे फूलही त्याच आकड्यावर येते. फूल बाहेरून बांधता येते, आकडा बांधता येत नाही. करंगळी अडकवून ओढून पाहिले तर तो फांदीसकट पुढे येतो. अगदी कोवळ्या, बियांच्या रोपाला आकडे दिसत नाहीत हे खरे. परंतु असे रोप फुलायला काही वर्षे घेते, त्यामुळे त्यावर फूल दिसणे हाच संशयाचा मुद्दा ठरतो.

त्यानंतर रोपवाटिकेतून आकडे पाहून घेतलेले कलम मी त्याच मांडवाखाली लावले आहे. त्याला अर्धा दिवस ऊन मिळते. आमच्याकडच्या पावसात मुळांशी पाणी साचू नये म्हणून या वेळी अळे न करता माती उंचवट्यासारखी रचली. फांद्या छाटताना आकडे असलेली फांदी शक्यतो तोडत नाही. हिरवे असताना फुलाला वास जवळजवळ नसतो, ते पिवळे होऊ लागले की घरभर कळते; आई ते पाण्याच्या पेल्यात ठेवते.

रामफळ कोपऱ्यात तसेच आहे, ते तोडायला आई तयार नाही. विक्रेत्याने दिलेला फोन क्रमांक कधीच लागला नाही. यंदाच्या जूनमध्ये मात्र तसाच टेम्पो पुन्हा गल्लीत उभा होता, माणूस वेगळा होता. फुललेल्या 'हिरव्या चाफ्या'च्या देठाशी मी बोट नेले, तेव्हा या वेळी दोऱ्याऐवजी बारीक तार लागली.