ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर, काही महिने वापरून: गरम झाली की बंद पडणाऱ्या गाडीसाठी घेतला होता

हौस म्हणून घेतलेला नाही, वैतागून घेतलाय. गाडी २०१३ ची पेट्रोल, सकाळी पहिल्या सेल्फला चालू होणार आणि घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा-पाऊण तास रांगली की मानपाडा-पातलीपाड्याच्या आसपास गपकन बंद. आधी झटके नाहीत, चेक इंजिनचा लाइट नाही. बॉनेट उघडून वीसेक मिनिटं मागच्यांचे हॉर्न ऐकत उभं राहायचं, मग काही झालंच नाही अशी परत चालू. गॅरेजला पोचेपर्यंत अर्थातच ठणठणीत. एकाने थ्रॉटल बॉडी साफ करून प्लग बदलले, दुसरा म्हणे साहेब पंप गेलाय, टाकी उतरवायला लागेल.

तर गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे आणि फॉल्टचे कोड वाचणारं हे डबडं स्टिअरिंगखालच्या १६ पिनच्या सॉकेटमध्ये खोचायचं, फोनशी ब्लूटूथने जोडायचं आणि टॉर्क किंवा कार स्कॅनर असलं एखादं ॲप टाकायचं. बऱ्याच जणांना वाटतं स्क्रीनवर सरळ लिहून येईल की हा पार्ट बदला. तसलं काही येत नाही. माझ्याकडे सुरुवातीला कोडच नव्हता. बरेचसे फॉल्ट लागोपाठ दोन ड्राइव्हमध्ये दिसल्याशिवाय लाइट लागत नाही, तोवर ते 'पेंडिंग'मध्ये पडून राहतात, त्यामुळे लाइट नाही म्हणजे फॉल्ट नाही असं धरून चालू नका.

पैसे वसूल झाले ते लाइव्ह डेटामुळे. आरपीएम, कूलंटचं तापमान आणि बॅटरी व्होल्टेज एवढंच स्क्रीनवर लावून ठेवलं. कूलंट ९० च्या आसपास, म्हणजे ओव्हरहीटचा विषय संपला. मग एका संध्याकाळी वाघबीळच्या अलीकडे बंद पडली, फोन बायकोच्या हातात होता, मी सेल्फ मारतोय, इंजिन घरघर फिरतंय आणि ती म्हणते, "अरे, आरपीएम शून्यच दाखवतंय!" सेल्फवर दीड-दोनशे तरी दिसायला हवेत. इंजिन फिरतंय हेच ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला) कळत नसेल तर तो स्पार्कही देणार नाही आणि पेट्रोलही. संशय क्रँक सेन्सरवर, म्हणजे इंजिन फिरतंय हे ईसीयूला कळवणाऱ्या सेन्सरवर. त्याच्या आत बारीक तारेचं वेटोळं असतं, तापल्यावर त्यातला तुटका टाका सुटतो, थंड झाला की परत टेकतो.

इथे एक गोष्ट नीट बघा. सेल्फ मारताना व्होल्टेज पडतं आणि स्वस्त स्कॅनर तेवढ्यात डिस्कनेक्ट होतो, तेव्हाही आकडे गंडतात. व्होल्टेज, तापमान हलतंय आणि फक्त आरपीएम शून्य, तरच सेन्सरच्या मागे लागायचं. सगळंच गोठलं असेल तर तो स्कॅनरचा प्रॉब्लेम. पुढच्या वेळी बंद पडल्यावर ओलं फडकं सेन्सरवर धरलं, पाचेक मिनिटांत गाडी चालू. मेकॅनिकदादाने मग मल्टीमीटर लावला: थंड असताना रेझिस्टन्स दाखवतोय, गरम झाला की ओपन, म्हणजे आतली तार तुटल्यासारखी. (हे दोन वायरवाल्या सेन्सरलाच चालतं, तीन वायरवाला हॉल टाइप असेल तर असं मोजून काही कळत नाही.) कनेक्टरच्या वायरी पण उष्णतेने कडक होऊन तडकल्या होत्या, त्याही बदलल्या, नाहीतर नवीन सेन्सर टाकूनही तेच रडगाणं चाललं असतं. टाकी उतरवायची वेळच आली नाही. त्यानंतर आख्खा पावसाळा गायमुखच्या घाटात ट्रकांच्या मागे तासन् तास अडकलोय, एकदाही बंद नाही. क्रँक सेन्सरचा पी०३३५ कोड नंतर पेंडिंगमध्ये आलेला दिसला, म्हणजे वरातीमागून घोडं.

आता तक्रारी. एकावेळी सात-आठ आकडे लावले तर रिफ्रेश इतका रखडतो की बंद पडायचा नेमका क्षण हुकतो, तीन-चारच लावा. एबीएस, एअरबॅगचं काही वाचत नाही. सॉकेटला करंट कायम चालू असतो, गाडी आठवडाभर उभी ठेवणार असाल तर काढून ठेवा, नाहीतर बॅटरी उतरेल. आपल्याकडे ओबीडी-२ (हा स्कॅनर ज्याच्याशी बोलतो ती गाडीतली फॉल्ट ओळखायची सिस्टिम) एप्रिल २०१३ पासून सक्तीचं झालं, त्याआधीच्या काही गाड्यांना सॉकेट असतं पण स्कॅनरशी बोलत नाहीत, शेजाऱ्यांच्या २००७ च्या गाडीवर तेच झालं. आणि आयफोनवाल्यांनी साधा ब्लूटूथवाला घेऊ नये, तो जोडलाच जात नाही, वायफायवाला किंवा बीएलई (कमी वीज खाणारं ब्लूटूथ) असं स्पष्ट लिहिलेलाच बघून घ्या.