बाटलीतला लसूण, आठ महिन्यांनंतर

२०२४ च्या दिवाळीची साफसफाई करताना स्टुलावरून पडलो आणि उजवं मनगट सहा आठवडे प्लास्टरमध्ये गेलं. एका हाताने बरंच काही जमतं, पण लसूण सोलून बघा. पाकळी ताटभर पळते. त्यात लसणाने तेव्हा किलोला चारशे ओलांडले होते, सोललेला तर त्याहून महाग. मग किराण्याच्या ऑर्डरमध्ये बारीक चिरलेल्या लसणाची बाटली टाकली. पेस्ट नव्हे, तुकडे. हात बरा झाला तरी बाटली राहिली. सध्या पाचवी चालू आहे.

आधी फोडणीचं सांगतो, कारण आपल्याकडे लसणाची खरी परीक्षा तिथेच. इथे हा साफ नापास. तुकडे पाण्यात मुरलेले असतात. तापल्या तेलात चमचा सोडला की तडतडाट, हातावर शिंतोडे, मग पाणी आटेपर्यंत लसूण तेलात नुसताच उकडतो. पाणी आटलं की कडा काळ्या आणि मध्ये पांढराच. जो बदामी रंग दिसला की आपण गॅस बंद करतो, तो काही येत नाही. वरणाला पहिल्यांदा अशी फोडणी दिली, तेव्हा आईने भात कालवला, एक घास खाल्ला आणि विचारलं, "लोणच्याचा चमचा बुडवलास का रे ह्यात?"

तिचं चुकलं नव्हतं. लेबलवर लसूण, पाणी, मीठ आणि सायट्रिक ॲसिड. ते आंबट उगाच घातलेलं नसतं. लसणाबरोबर मातीतले बोटुलिझमचे जंतू येऊ शकतात आणि हवा नाही, ओल आहे, आंबटपणा नाही अशा जागी ते विष तयार करतात. तेलात ठेवलेल्या चिरलेल्या लसणातून १९८५ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरला आणि १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्यात माणसं आजारी पडली. त्यानंतर अमेरिकेत अशा मालात आम्ल घालणं सक्तीचं झालं. तेव्हा लसूण तेलात बुडवून महिनाभर ओट्यावर ठेवायचे जे व्हिडिओ फिरतात, त्यांच्या नादी लागू नका. घरी साठवायचाच तर वाटून फ्रीझरमध्ये.

दुसरी खोट वासाची. पाकळी ठेचली की आतली दोन द्रव्यं एकत्र येतात आणि तो झणका तयार होतो. बाटलीतल्या लसणाचा झणका कारखान्यातच होऊन गेलेला असतो. म्हणून ठेच्यात, पिठल्यात हा नकोच. सुक्या खोबऱ्याच्या चटणीत तर चुकूनही नको. मी घातला, मिक्सरमध्ये चटणीचा गोळा झाला आणि चौथ्या दिवशी डब्यात बुरशी.

मग पाचव्या बाटलीपर्यंत आलो कसा? सकाळी सहाला दोन डबे करायचे असतात म्हणून. छोले, पावभाजी, चिकनला लावायचं वाटण, चिंचेची आमटी, आगळ घातलेली कोळंबी. जिथे आंबट आधीच आहे आणि लसूण मागच्या रांगेत बसतो, तिथे हा चोख काम करतो. पावभाजी तर आईने दोनदा वाढून घेतली, एक अक्षर न बोलता. (मीही काही बोललो नाही.) बोटांना दिवसभर वास राहत नाही, हा ऑफिसवाल्यांसाठी आणखी एक फायदा.

तुकडे चहाच्या गाळणीत घेऊन चमच्याने दाबायचे, पाणी काढायचं आणि कांदा मऊ झाल्यावर घालायचे, तेलात आधी नाही. ही युक्ती मला तिसऱ्या बाटलीला सुचली. मीठ नंतर चाखून घाला, ह्यात ते आधीच असतं. दोन पाकळ्यांच्या जागी मी चमचाभर घेतो, तरी जरा कमीच वाटतो.

चौथी बाटली अर्धी असताना फेकावी लागली. कुणीतरी ओला चमचा घातला आणि झाकणाखाली करडी बुरशी धरली. कुणी, ते घरात अजून ठरलेलं नाही. वरचं काढून खालचं वापरायच्या फंदात पडलो नाही.

आता फोडणीपुरता गावठी लसूण आई टीव्हीसमोर बसून सोलते, चार दिवसांचा एकदम, आणि झाकणाच्या डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवते. सहावी बाटली मागवणार आहे, पण लहान. मोठी स्वस्त पडते खरी, पण उघडून महिना झाला की तिच्यात उरतं ते फक्त आंबट पाणी.