‘पोसम पकडून लांब सोडतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका

मेलबर्नमध्ये नवीन घर घेतलेल्या मराठी मंडळींसाठी मुद्दाम लिहितोय. परसात गुलाब, लिंबू, वाफ्यात मेथी-कोथिंबीर लावली की पोसम, म्हणजे झाडावर राहणारा, रात्री फिरणारा मांजराएवढा प्राणी, येणारच. आणि त्यांच्या मागोमाग ‘पोसम घालवून देतो’ म्हणणारेही दारात येतात.

आमच्याकडे आलेला माणूस बोलायला गोड. लिंबाकडे बघताक्षणी म्हणाला, हे ब्रशटेल म्हणजे झुपकेदार शेपटीच्या पोसमचं काम. ते खरंच होतं. पोसम लिंबाची नुसती साल कुरतडतो आणि सोललेलं लिंबू देठाला तसंच लटकत ठेवतो. रोग बरोबर ओळखला म्हणजे औषधही बरोबर असणार, असं आपण धरून चालतो आणि तिथेच सापडतो.

बागेत पिंजरा लावायचा, पोसम पकडून मेलबर्नबाहेरच्या डँडेनाँगच्या जंगलात सोडायचा, वर्षभराची हमी. साडेतीनशे डॉलर, रोख दिले तर तीनशे. बायकोने पावती मागितली तेव्हा ‘ईमेल करतो’ म्हणाला. ती अजून यायची आहे.

सफरचंदाच्या फोडीला भुलून पोसम सापडला. डाव्या कानाला मोठी खाच. साहेब पिंजरा गाडीत टाकून गेले. थोड्याच दिवसांत गुलाबाच्या कळ्या पुन्हा फस्त! फोन केला, तर ‘हा दुसरा असणार, हमी त्या एका पोसमपुरतीच होती,’ आणि वर आणखी दीडशेची मागणी. रात्री टॉर्च मारून पाहिलं, तर कुंपणावर तोच खाचेचा कान. डँडेनाँगहून बहुतेक मायकी (इथलं ट्रेन-बसचं कार्ड) टॅप करून आला असावा. फोटो पाठवला आणि त्यानंतर त्या माणसाचा फोन कायमचा बंद.

खरी गोष्ट अशी, की तो जे विकत होता तेच बेकायदा होतं. आपल्या व्हिक्टोरिया राज्यात १९७५च्या वन्यजीव कायद्याने पोसमला संरक्षण आहे. ब्रशटेल पकडता येतो तो घराच्या छपरात वगैरे शिरला असेल तरच, बागेत नाही. पकडला तरी त्याच दिवशी सूर्यास्तानंतर, त्याच आवारात, ५० मीटरच्या आत सोडावा लागतो. रिंगटेल या पोसमच्या दुसऱ्या, छोट्या जातीला तर पकडायचंच नाही. परक्या जागी सोडलेला पोसम बहुधा जगत नाही आणि इथली रिकामी जागा दुसरा पटकावतो. यूट्यूबवर न्यूझीलंडचे पिंजरे बघून हुरळून जाऊ नका. तिथे तो बाहेरून आणलेला उपद्रवी प्राणी आहे, तिथले नियम वेगळे.

आणखी एक, हे फार जणांना ठाऊक नसतं. दारावर येऊन शंभर डॉलरच्या वरचा सौदा केला, तर कामकाजाच्या दहा दिवसांत तो रद्द करता येतो आणि तोवर विक्रेत्याला पैसे घ्यायलाही मनाई असते. म्हणजे जागेवर रोख मागणाऱ्याला तिथल्या तिथे वाटेला लावायचं. तक्रार कन्झ्युमर अफेअर्स व्हिक्टोरिया या सरकारी ग्राहक खात्याकडे करता येते, आम्ही केली आहे.

बाग वाचवायला उंच खोडाला ६० सेंमी रुंद पत्रा गुंडाळा आणि कुंपणावरून झाडात उडी मारता येईल अशा फांद्या छाटा. लिंबासारख्या बुटक्या झाडाला जाळी. मात्र भोकं ५ मिमीपेक्षा मोठी नकोत. सप्टेंबर २०२१पासून घरच्या फळझाडांसाठी तसा नियमच आहे, कारण मोठ्या भोकांत वटवाघळं अडकतात.

छपरात पोसम शिरलाच असेल, तर येणाऱ्याचं वाइल्डलाइफ कंट्रोलरचं लायसन्स बघा आणि एबीएन (धंद्याचा सरकारी नोंदणी क्रमांक) एबीएन लुकअप या सरकारी वेबसाइटवर तपासा, फुकट आहे. आमच्याकडे आलेल्या माणसाच्या पत्रकावरचा एबीएन टाकून बघितला, तो केव्हाच रद्द झालेला होता.