रिव्हॉल्व्हरच्या पोटातलं कुलूप: किती भ्यायचं?

सोलापूर शहरात आणि जिल्ह्यात परवान्याचं रिव्हॉल्व्हर बाळगणारी मंडळी मोजकी. बागायतदार, सराफ, पेट्रोल पंपवाले, एखादा ठेकेदार. नवं शस्त्र घेताना किंवा वडिलांचं नावावर करून घेताना एक प्रश्न हमखास निघतो: आत किल्लीचं लॉक असलेलं घ्यावं का, आणि ऐन वेळी ते आपसूक लागलं तर?

उत्तर आधीच देऊन टाकतो. ३२ बोअरच्या पोलादी रिव्हॉल्व्हरवर ते आपसूक लागेल ही भीती सोडून द्या. लॉक लावलं की शस्त्र सांभाळलं गेलं, हा समज त्याहून कितीतरी धोक्याचा आहे.

मुळात तीन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. पहिली म्हणजे आतली पट्टी, ट्रान्सफर बार किंवा हॅमर ब्लॉक. शस्त्र हातातून पडलं, हॅमरवर, म्हणजे काडतुसावर घाव घालणाऱ्या मागच्या ठोक्यावर, दणका बसला, तरी गोळी सुटू नये म्हणून ती असते. तिला किल्ली नाही, बटण नाही, ती सतत आपलं काम करत असते. दुसरी म्हणजे बाहेरचा सेफ्टी खटका, जो अंगठ्यानं फिरवतात. वेब्लीच्या जुन्या ३२ बोअर मार्क फोरवर तो दिसतो. तिसरं हे किल्लीचं लॉक. ते वापरताना लावायचं नसतंच, ते घरात ठेवून देतानाचं आहे. दुकानात ‘याला सेफ्टी आहे’ असं कुणी म्हणालं की तीनपैकी कुठली, हे विचारून घ्या.

आता ही भीती आली कुठून? अमेरिकेतून. स्मिथ अँड वेसन या तिथल्या बंदूक कंपनीनं मार्च २००० मध्ये क्लिंटन सरकारशी सुरक्षेबाबत करार केला आणि तिथल्या गिऱ्हाइकांनी कंपनीवर बहिष्कार टाकला. मे २००१ मध्ये टॉमकिन्स या ब्रिटिश मालकानं कंपनी अवघ्या दीड कोटी डॉलरना विकली. घेणाऱ्या कंपनीचं नाव होतं सेफ-टी-हॅमर आणि तिचा धंदाच बंदुकीच्या कुलपांचा. त्यानंतर स्मिथच्या रिव्हॉल्व्हरांवर सिलिंडर, म्हणजे काडतुसांचं फिरतं नळकांडं, उघडायच्या खटक्याच्या वरच्या बाजूला किल्लीचं ते बारकं भोक आलं. त्या भोकावरचा राग निम्म्याहून अधिक राजकीय आहे. आपण मात्र तो यंत्रातला दोष समजून उसना घेतला. ब्राझीलच्या टॉरसनं त्याआधीच हॅमरच्या पाठीत किल्लीचा स्क्रू बसवला होता. रुगरनं काही मॉडेलांत लॉक मुठीच्या पाट्यांखाली दडवलं. त्यांच्यावर एवढी आगपाखड झाली नाही.

तरी यंत्र म्हणून स्मिथच्या लॉकमध्ये शंका घ्यायला जागा आहे, ती समजून घ्या. हॅमरच्या बाजूला फ्रेममध्ये एक छोटी पोलादी पट्टी असते. दोन दाते असलेली किल्ली बाणाच्या दिशेनं फिरवली की ही पट्टी वर येते आणि हॅमर अडतो. हॅमर अडला की ट्रिगरही हलत नाही. एरवी पट्टीला खाली धरून ठेवायला एक बारीक स्प्रिंग असते. गोळी सुटल्यावर फ्रेम झटक्यानं मागे आणि वर उसळते, पट्टी मात्र जडत्वामुळे जागीच राहू पाहते. झटका जबर आणि स्प्रिंग ढिली असेल तर पट्टी सरकून अडकू शकते. अशा तक्रारी मुख्यतः स्कँडियम आणि टायटॅनियमच्या पिसासारख्या हलक्या मॉडेलांच्या, तेही मॅग्नम, म्हणजे जबर ताकदीची काडतुसं वापरणाऱ्यांच्या आहेत. ३४०पीडी हे मॉडेल जेमतेम साडेतीनशे ग्रॅमच्या आत, आणि त्यात ३५७ मॅग्नम. हाताला झिणझिण्या आणणारा प्रकार तो.

आपल्याकडचा हिशेब निराळा. ऑगस्ट २०२३ मध्ये बाजारात आलेलं कानपूरचं ‘प्रबळ’ रिव्हॉल्व्हर सुमारे ७०० ग्रॅमचं, आणि काडतूस तेच ३२ स्मिथ अँड वेसन लाँग. म्हणजे वजन दुप्पट आणि काडतुसाची ताकद काही पटींनी कमी. एवढ्या झटक्यानं धड असलेली लॉकची पट्टी हलत नाही. शिवाय ऐंशीच्या दशकापासून सामान्य परवानाधारकाला परदेशी शस्त्र आयात करणं जवळपास बंद आहे. त्यामुळे इथं फिरणारी बहुतेक स्मिथ २००१ च्या आधीची, बिनभोकाची. ज्या भोकाला लोक भितात ते त्यांच्या शस्त्राला नसतंच, हा त्यातला विनोद.

मग बिघडतं काय? बिघडतो तो तेलपाण्याचा मामला. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीच्या आसपास, जिथं यंत्रमाग आणि टॉवेलचे कारखाने आहेत, तिथं कापसाचा बारीक तूस बंद कपाटातही शिरतो. फ्रेममध्ये तेल भरपूर ओतलं असेल तर तूस आणि धूळ त्याला चिकटून काळा चिखल होतो. तो पहिल्यांदा बारीक भागांना धरतो, म्हणजे लॉकची पट्टी आणि ट्रान्सफर बार. खोबरेल तर चुकूनही लावू नका. ते चोवीस-पंचवीस अंशांखाली थिजतं आणि सोलापूरच्या डिसेंबरच्या पहाटे पारा त्याच्या बराच खाली असतो. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात तेच पातळ होऊन मुठीत उतरतं. शिलाई मशीनचं पातळ तेल चालतं, पण एका सांध्याला एक थेंब. वर कोरड्या मलमलीनं पुसून घ्या. घामाचा हात लागलेलं शस्त्र त्याच दिवशी पुसलं नाही तर मे महिन्यातही गंज धरतो, कारण घामात मीठ असतं.

घेण्याआधी किंवा वर्षातून एकदा तपासणी अशी करा. सिलिंडर उघडा, काडतुसं काढा, मोजा आणि दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवा. मग सहाही घरांतून उजेड दिसतो का ते पाहा, बोट लावूनही बघा. नळीचं तोंड कायम जाड भिंतीकडे किंवा जमिनीकडे. डमी काडतुसं घाला. लॉक लावा आणि ट्रिगर हळू ओढा. हॅमर केसभरही हलता कामा नये. लॉक काढा, डबल ॲक्शननं, म्हणजे हॅमर न चढवता नुसता ट्रिगर ओढून, सहा वेळा आणि हॅमर चढवून सहा वेळा चालवा. कुठं अडखळत असेल, किल्ली फिरवताना ‘टक्’ अशी ठाम खाच न लागता ती मऊ फिरत असेल, तर स्प्रिंग गेली असं समजा.

ट्रान्सफर बार असलेल्या शस्त्राची पेन्सिलनंही परीक्षा होते. डमी काढून रिकामं असल्याची पुन्हा खात्री करा. फक्त या परीक्षेपुरती नळी आढ्याकडे करा आणि साधी पेन्सिल खोडरबराची बाजू खाली ठेवून नळीत सोडा. हॅमर खाली बसलेला असताना त्याच्या पाठीवर स्क्रू ड्रायव्हरच्या प्लास्टिक मुठीनं हलकं ठोका. पेन्सिल जागची हलू नये. मग ट्रिगर ओढला की ती उडाली पाहिजे. ठोकल्यावर पेन्सिल उडत असेल तर ते शस्त्र भरून बाळगण्याच्या लायकीचं नाही. वारशानं आलेल्या जुन्या बेल्जियन-स्पॅनिश घडणीच्या रिव्हॉल्व्हरांत अशी पट्टी बऱ्याचदा नसतेच. तिथं सहापैकी पाचच घरं भरायची आणि हॅमरखाली रिकामं घर ठेवायचं.

लॉक खटकतं म्हणून काढून टाकावं का? नको. लॉक काढलं की भोक उघडं राहतं, त्यातून धूळ आत जाते आणि स्प्रिंगांचा तोल कुणी मन मानेल तसा बसवलेला असतो. शिवाय शस्त्राची दुरुस्ती हेही शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे परवान्याचंच काम आहे. ओळखीच्या लेथवाल्याकडून फाइल मारून घेतली तर अडचणीत तो येतो आणि तुम्हीही. आयातबंदीमुळे मूळ सुटे भाग मिळण्याची मारामार, हे वेगळंच.

आतल्या लॉकची खरी उणीव वेगळी. ते चोराला थांबवत नाही, तो शस्त्र उचलून चालू लागतो. ते लावलं आहे की नाही हे दोन हात अंतरावरून नीट दिसत नाही. स्मिथच्या प्रकारात लॉक असतानाही सिलिंडर उघडतं, म्हणजे लॉक लावूनही गोळ्या भरता येतात. आणि किल्ली एवढीशी की घरात ती एकतर हरवते, नाहीतर शस्त्राच्याच पाकिटात सापडते. डबल ॲक्शनचा ओढ साधारण साडेचार-पाच किलोचा असल्यानं लहान पोराला ओढवणार नाही, असं समजून बसू नका. हॅमर चढवला की तोच ओढ दोन किलोच्या आसपास येतो, आणि पोरं दोन्ही अंगठे लावतात.

त्यापेक्षा प्लास्टिकच्या वेष्टणातलं केबल लॉक बरं. काही शे रुपयांत येतं. ‘प्रबळ’सारख्या बाजूला उघडणाऱ्या रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडर बाहेर काढून केबल फ्रेमच्या रिकाम्या चौकटीतून घ्या. वरून मोडून उघडणारं कानपुरी ३२ असेल तर उघड्या नळीतून घ्या. दोन्हीकडे शस्त्र मिटतच नाही आणि गोळ्या नाहीत हे लांबूनच दिसतं. ट्रिगरच्या मागून केबल किंवा कडीचं कुलूप कधीही घालू नका. भरलेल्या शस्त्राच्या ट्रिगरजवळ धातू खेळवणं म्हणजे आ बैल मुझे मार. अर्थात चांगल्या कटरपुढे केबल टिकत नाही. तिची अपेक्षा घरातल्या हातांपुरतीच ठेवा.

निवडणुकीत शस्त्र ठाण्यात जमा करण्याचा आदेश आला तर लॉक लावून द्यायला हरकत नाही, पण पोचपावतीवर शस्त्राच्या क्रमांकाबरोबर ‘लॉक लावलेले, किल्ली परवानाधारकाकडे’ एवढं लिहून घ्या. परत घेताना तिथं काउंटरवर किल्ली शोधत बसू नये. शहरात परवान्याचं काम पोलीस आयुक्तालयात आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालयात, हे पत्ता बदलताना लक्षात असू द्या.

पैसे खर्चायचेच तर छोट्या पोलादी तिजोरीवर खर्चा. जुळे सोलापूरच्या फ्लॅटमध्ये १० मिलिमीटरचे चार अँकर बोल्ट काँक्रीटमध्ये मारले की झालं, फक्त कॉलमला भोक पाडू नका. जुन्या पेठांतल्या, पंढरपूर-बार्शीच्या दगडी वाड्यांत मात्र भिंतीत दगडांमधले सांधे मातीचे असतात. सांध्यात मारलेला बोल्ट चार महिन्यांत हलायला लागतो. तिथं दगडाच्या मधोमध भोक पाडून केमिकल अँकर, म्हणजे रसायनानं चिकटवायचा बोल्ट, वापरा, किंवा लादी काढून खाली काँक्रीटचा ठोकळा ओतून तिजोरी त्याला आवळा. आत सिलिका जेलची पुडी ठेवा, आणि शस्त्र चामडी पाकिटात घालून ठेवू नका, चामडं ओल धरतं. काडतुसं वेगळ्या कुलपात.

आकड्यांच्या तिजोरीला बहुधा चार पेन्सिल सेल लागतात. दरवर्षी जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास ते न चुकता बदला, उन्हाळ्यात जुने सेल पाझरतात आणि पट्ट्या खातात. सोबत मिळणारी इमर्जन्सी किल्ली घराबाहेर, विश्वासाच्या ठिकाणी. ती तिजोरीतच ठेवून दार लावणारेही निघतात.