तयार ‘इमर्जन्सी पाउच’ : कोल्हापुरात कितपत चालतो?

ऑनलाइन तीन-चारशे रुपयांना मिळणारा, तळहाताएवढा चेनचा पाउच. आत पाच-सहा रंगांचे दोरे, दोन सुया, चार सेफ्टी पिना, दोन बटणं, इवलीशी कात्री, बँडेज पट्ट्या आणि टिश्यू. पाचपैकी अडीच गुण. पाउच टिकाऊ आहे, आतला माल हलका. शिवाय इथला पाऊस, इथल्या चपला आणि इथला रस्सा कुणी ध्यानात घेतलेलाच नाही.

पिना जेमतेम 20 मिलिमीटरच्या. ओढणीला पुरतात, पण पदराच्या चार-पाच घड्या एकत्र धरायच्या म्हटलं की तार वाकते आणि टोक टोपीतून निसटतं. त्याला 38 ते 45 मिलिमीटरची जाड तारेची पीन लागते. महाद्वार रोडवरच्या कटलरीच्या दुकानात मागा. घेताना पीन लावून दोन बोटांत पिळून बघा, टोक टोपीतच राहिलं तर घ्या. साडी रेशमी असेल तर पिनेत आधी एक छोटा मणी ओवा, म्हणजे मागच्या वेटोळ्यात कापड अडकून धागे ओढले जात नाहीत. साधी लोखंडी पीन ओल्या कपड्यावर राहिली तर गंजाचा डाग पडतो आणि तो धुण्याच्या साबणाला दाद देत नाही. पावसाळ्यात स्टेनलेस किंवा पितळीच बरी.

चपलेसाठी या पाउचमध्ये काहीच नाही, ही त्याची सर्वांत मोठी उणीव. कोल्हापुरी चपलेचं कातडं पाण्यात फुगतं, शिवण सैल होते आणि भर रस्त्यात पट्टा कानातून (तळाच्या बाजूला पट्टा जोडलेल्या पाळीतून) सुटतो. पाउचमधली बारीक सुई कातड्यात शिरत नाही, वाकते. एक जाड सुई आणि हातभर मेण लावलेला दोरा ठेवा. टाके जुन्याच भोकांतून घ्यायचे, तीन-चार फेरे, गाठ वरच्या बाजूला. नवी भोकं पाडली की कातडं तिथूनच फाटतं. हा जुगाड चांभाराच्या दुकानापर्यंत पोचण्यापुरताच. घरी आल्यावर चप्पल सावलीत वाळवा, चुलीजवळ किंवा हीटरसमोर ठेवली तर तडकते. रबरी स्लीपरचा अंगठा निसटला तर दांडी परत भोकातून खाली ओढायची आणि तळाखाली तिच्यातून आडवी पीन घालायची, काम भागतं.

काही पाउचमध्ये झटपट चिकटणाऱ्या गोंदाची छोटी ट्यूब असते. ती काढून टाका. तो गोंद वाळल्यावर कडक होतो, आणि चपलेचा पट्टा तर पावलागणिक वाकतो, त्यामुळे जोड उलतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सांडलेला गोंद कापसाने किंवा सुती रुमालाने पुसू नका. सुताशी त्याची प्रक्रिया होऊन इतकी उष्णता निघते की कातडी भाजू शकते.

टिश्यूला मात्र पूर्ण गुण. तांबडा रस्सा शर्टावर सांडला की बहुतेक जण आधी पाणी लावून चोळतात, आणि तिथेच डाग पसरतो. मिरचीचा रंग तेलात विरघळलेला असतो, पाण्याने निघत नाही. टिश्यू नुसता दाबून तेल टिपायचं, चोळायचं नाही. वर चिमूटभर टाल्कम पावडर टाकून दहा-पंधरा मिनिटं राहू द्यायची, मग झटकायची. म्हणून पावडरची छोटी पुडी सोबत असावी. घरी गेल्यावर भांड्यांचं लिक्विड कोरड्याच डागावर लावा, नंतर पाणी. हळद असेल तर साबण लागताच डाग लालभडक होतो, घाबरू नका. स्वच्छ खळबळून कडक उन्हात वाळवा, उन्हाने हळद उडते.

ओआरएस पाउचमध्ये नसतंच. चैत्रात जोतिबाला जाताना ते हवंच. मोठी पुडी 1 लिटर पाण्याची असते. अर्धी पुडी ग्लासभर पाण्यात टाकली तर द्रावण फार खारट होतं आणि फायद्याऐवजी त्रास होतो. त्यापेक्षा 200 मिलीच्या छोट्या पुड्या घ्या आणि एका वेळी एक पुडी पूर्ण विरघळवा.

बँडेज पट्ट्या ठीक आहेत, पण ओल्या कातडीवर चिकटत नाहीत. आधी कोरडं पुसा. पाउच गाडीच्या डिकीत कायमचा ठेवू नका, उन्हाने पट्ट्यांचा गोंद पाघळतो. पावसात सगळं झिपलॉकच्या पिशवीत, आणि मे संपताना ओआरएस आणि पट्ट्यांवरची तारीख बघून बदली करा.