ऑटो-डार्क हेल्मेट: सहा महिने रोज वापरल्यानंतर, एका शिकाऊ वेल्डरकडून

आधीच सांगते, मी काही मुरलेली वेल्डर नाहीये, अप्रेंटिस आहे, आठवा महिना चालू आहे. काम प्लेट आणि स्ट्रक्चरलचं, म्हणजे बीम, कॉलम, बेस प्लेट, स्टिफनर (बीमला मजबुतीसाठी लावायच्या पट्ट्या) असलं. पहिले दोन महिने हातात धरायच्या स्क्रीनवर काढले, मग हे आर्क (रॉड आणि प्लेटमधला विजेचा झगझगाट) पेटला की काच आपोआप काळी होणारं हेल्मेट घेतलं, त्यामुळे दोन्ही वापरून बोलतेय.

हेल्मेट घ्यायचं खरं कारण टॅक, म्हणजे प्लेटा जागेवर धरून ठेवणारे छोटे वेल्ड. हँड स्क्रीनमध्ये डावा हात अडकलेला, उजव्या हातात होल्डर, त्यात रॉड अख्खा असला की टोक हे असं थरथरतं. जॉइंटवर नेम धरायचा, स्क्रीन तोंडासमोर आणायची, सगळा काळोख, आणि मग अंदाजाने रॉड घासायचा. आर्क लागायचा तो जॉइंट सोडून सेंटिमीटरभर लांब. नुसतं दिसायला वाईट असतं तर ठीक होतं, पण स्ट्रक्चरलमध्ये जॉइंटच्या बाहेर पडलेला आर्कचा डाग हा डिफेक्टच धरतात, कारण तेवढीच जागा झटक्यात तापून झटक्यात थंड होते, कडक होते, तिथून क्रॅक सुरू होऊ शकतो. मग बसा ग्राइंडर घेऊन. माझे पहिले दोन महिने असेच गेले, वेल्डिंग कमी आणि घासणं जास्त.

ऑटो-डार्कमध्ये आर्क लागायच्या आधी काच शेड ४ वर असते (शेड म्हणजे काचेचा गडदपणा, आकडा मोठा तितकी काळी), हिरवट दिसतं पण गॅप, रॉडचं टोक सगळं दिसतं. आर्क पेटला की डोळ्याची पापणी लवायच्या कितीतरी आधी काळी होते. आणि डावा हात मोकळा! उजव्या मनगटाला आधार द्यायला. पहिल्याच आठवड्यात टॅक जागेवर पडायला लागले, त्या बाबतीत पैसे वसूल.

पण मला वाटलं होतं आता बीड (वेल्डची पट्टी) पण आपोआप सुधारेल. तिथे फसले.

झालं असं की डोळ्यांची काळजी म्हणून मी शेड १३ वर ठेवलेली. ३.१५ एमएमच्या रॉडला, शंभर-सव्वाशे अँपियरला एवढी गडद काच लागतच नाही, १० किंवा ११ पुरते. १३ वर मला फक्त आर्कचा ठिपका दिसायचा, आजूबाजूला काळोख, आणि मी त्या ठिपक्याच्या मागे मागे हात नेत राहायचे. बीड वरून मस्त दिसायची, खवले एकसारखे, स्लॅग (वेल्डवर जमणारी खपली) एका टिचकीत निघायचा. मी खूश. मग मिस्त्रींनी फिलेटची (दोन प्लेटांच्या कोपऱ्यातल्या वेल्डची) ब्रेक टेस्ट करायला लावली, म्हणजे दहा एमएमच्या दोन प्लेटा टी-मध्ये, एकाच बाजूने वेल्ड, आणि घणाने उभी प्लेट वेल्डच्या अंगावर पाडायची म्हणजे रूट (वेल्डचा आतला तळ) उघडतो. चार घावात उघडला. आत उभ्या प्लेटची खालची कड जशीच्या तशी, त्यावर मी मारलेल्या ग्राइंडरच्या रेघासुद्धा दिसत होत्या. कडेला काही लागलंच नव्हतं, सगळा माल वरच बसलेला. ते काही बोलले नाहीत, तुकडा माझ्या हातात दिला फक्त.

मग त्यांनी शेड ११ वर आणायला लावली, करंट ९५ वरून १२० केला, आर्क तोकडा धरायला लावला आणि म्हणाले, "आर्ककडे बघू नकोस गं, त्याच्या मागं काय चाललंय ते बघ." तेव्हा पहिल्यांदा पडल (वितळलेल्या धातूचं डबकं) आणि स्लॅग वेगवेगळे दिसले. पडल चकचकीत आणि पातळ, त्यावरचा स्लॅग जाडसर, मळकट लाल, मागून सरकत येणारा, आणि तो पुढे पळायला लागला की समजायचं रॉडचा कोन चुकला नाहीतर हात हळू पडतोय. हेल्मेट तेच होतं हो, नॉब चुकीच्या आकड्यावर होता.

आता तक्रारी. स्टिफनरच्या आतल्या कोपऱ्यात, बीमच्या दोन फ्लँजच्या (कडेच्या रुंद पट्ट्यांच्या) मध्ये डोकं घालून उभं वेल्ड मारताना आर्कचा उजेड ओळखणारा सेन्सर झाकला जातो. माझ्या हेल्मेटला दोनच सेन्सर, एक प्लेटच्या आड गेला आणि दुसऱ्यासमोर माझाच हात आला की काच मध्येच उजळते. यूव्ही आणि इन्फ्रारेड फिल्टर काच उजळ असतानाही अडवतोच, त्यामुळे डोळ्यात वाळू गेल्यासारखं रात्रभर जे होतं ते झालं नाही, पण डोळ्यासमोर पांढरा धब्बा येऊन हात हलतो आणि बीडमध्ये खड्डा. चार सेन्सरचं घ्यायला हवं होतं. सेन्सिटिव्हिटी वाढवली तर शेजारच्या बेवर (कामाच्या जागेवर) कुणी आर्क मारला तरी माझी काच काळी, स्लॅग काढत असताना मध्येच अंधार.

ग्राइंड मोड (ग्राइंडिंग करताना काच काळी होऊ न देणारा) सोयीचा आहे, पण एकदा ग्राइंडिंगनंतर तो तसाच राहिला आणि मी थेट रॉड लावला. काच काळी झालीच नाही. आता होल्डरला रॉड लावायच्या आधी बोट आपोआप त्या बटणावर जातं.

बाहेरची कव्हर काच खपते हे गृहीत धरा. ओव्हरहेडला (डोक्यावरच्या वेल्डला) स्पॅटर, म्हणजे वितळलेल्या धातूचे थेंब, थेट काचेवर पडतात, महिन्याला दोन जातात माझ्या. लेदरच्या ग्लोव्हने पुसू नका, त्यात ग्राइंडिंगची कच असते, मी पहिल्याच दिवशी पुसून ओरखडे पाडले आणि आठवडाभर धुक्यात वेल्डिंग करत बसले. दिसत नाही म्हणून शेड कमी करत होते, खरं तर काच घाण होती.

फिटिंगचं बोलायचं तर मागचा घट्ट करायचा नॉब नेमका अंबाड्यावर येतो. केस खाली मानेशी बांधले तर बसतं, पण हे विकणाऱ्यांनी कधी विचारात घेतलेलं दिसत नाही. वजनाने पहिले पंधरा दिवस मान दुखली, मग पट्टा कपाळावर जरा खाली घेतला तेव्हा कमी झालं.

बॅटरी अजून पहिलीच आहे. हँड स्क्रीन मात्र टाकून दिलेली नाही, अडचणीच्या कोपऱ्यात जिथे हे डोकं घुसतच नाही तिथे तीच चालते, कालच वापरली.